पकड कुणी सुरू करायची?

२४ ऑगस्ट २०१८, जकार्ता. आशियाई खेळांतल्या महिला कबड्डीचा अंतिम सामना. इराण २७, भारत २४.

महिलांची कबड्डी आशियाई खेळांत आली २०१० मध्ये, आणि तेव्हापासून सुवर्णपदक भारताशिवाय कुणाकडे गेलं नव्हतं. आदल्याच दिवशी भारताचे पुरुष उपांत्य फेरीत इराणकडूनच १८-२७ असे हरले होते. १९९० पासून ओळीने सात सुवर्णपदकं जिंकलेला तो संघ. दोन दिवसांत दोन्ही पदकं गेली. इकडे सोशल मीडियावर जो काही शोक झाला, त्यात एक बातमी मात्र सगळ्यांनी चवीने शेअर केली: इराणच्या मुलींना शिकवणारी बाई आपली आहे. नाशिकची. शैलजा जैन.

बातम्यांचा सूर ठरलेला होता. भारतात संधी मिळाली नाही, म्हणून परदेशात गेल्या आणि भारतालाच हरवून आल्या. हे खोटं नाही. भारतीय संघाला शिकवण्याची आपली इच्छा होती, ती पुरी झाली नाही, हे त्यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितलं आहे. तीसेक वर्षं महाराष्ट्रात मुलींना कबड्डी शिकवून निवृत्त झालेली ही प्रशिक्षक २०१७ च्या सुरुवातीला तेहरानला गेली आणि दीड वर्षात सुवर्णपदक घेऊन आली. सिनेमावाल्यांना एवढं पुरतं. मला त्या दीड वर्षात जास्त रस आहे. नवा प्रशिक्षक येतो तेव्हा संघात नेमकं काय बदलतं? चढाईपटू तर बहुतेक आधीच घडलेले असतात. वीस-बावीस वर्षांच्या मुलीचे पाय नव्याने बनवता येत नाहीत. बदलता येतो तो बचाव. आणि तिथे नव्या प्रशिक्षकाला पहिल्या महिन्यातच एक निर्णय घ्यावा लागतो, जो टीव्हीवर सामना बघताना आपल्याला दिसतसुद्धा नाही.

तो कळायला मैदानाची मापं बघावी लागतात. थोडं गणित आहे, पण सोपं.

पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. महिलांचं १२ बाय ८. दोन्ही बाजूंची एक-एक मीटरची राखीव पट्टी झटापट सुरू होईपर्यंत वापरता येत नाही, म्हणजे खेळायला मिळते रुंदी पुरुषांना ८ मीटर, महिलांना ६. त्यात सात जणी उभ्या. प्रत्येकीच्या वाट्याला साधारण ८५ सेंटिमीटर. पुरुषांना तेच ११४ पडतात. आता खोली बघा. मध्यरेषेपासून निदान रेषा पुरुषांना पावणेचार मीटरवर, महिलांना ३ मीटरवर. तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. बोनसच्या मागे अंतिम रेषेपर्यंत पुरुषांकडे उरतात पावणेदोन मीटर, महिलांकडे पूर्ण दोन. म्हणजे महिलांचं मैदान अरुंद आहे, पण कोपऱ्यात मागे सरायला जागा किंचित जास्त आहे. पुरुषांचा बचाव जसाच्या तसा उचलून मुलींना शिकवता येत नाही, याचं एक कारण ह्या सेंटिमीटरांत आहे.

सात जणींमध्ये दोन कोपरे, त्यांना लागून दोन 'इन', मग दोन कव्हर आणि मधोमध एक. त्या सुट्या उभ्या राहत नाहीत, हात धरून साखळ्या करतात. दोन-तीन-दोन अशी मांडणी असते, दोन-एक-दोन-दोन अशी असते, आणि खेळाडू बाद होत जातील तशी ती दर मिनिटाला बदलते. पण मांडणी ही वरवरची गोष्ट. खरा प्रश्न आहे, पकड कुणी सुरू करायची?

एक उत्तर म्हणजे कोपरा. कोपरारक्षक खोलवर थांबते, चढाई करणारीला आत येऊ देते, ती वळली किंवा पाय लांबवला की घोटा धरते. बाकीच्या त्या क्षणी मागून येऊन तिला झाकतात. दुसरं उत्तर म्हणजे कव्हर. इथे वाट बघायची नाही. चढाई करणारी एका कुशीवर गेली की मधल्या जोडीने धावत जाऊन तिला अडवायचं किंवा धडक मारून बाहेर काढायचं. तिसरं उत्तर साखळीचं. कुणा एकीने पकड करायचीच नाही, दोघींनी मिळून परतीची वाट बंद करायची. तिन्ही बरोबर आहेत. पण एकाच वेळी तिन्ही खेळायला गेलं तर दोघी पुढे, तिघी मागे आणि मधून वाट मोकळी.

इथे नियम निर्दयी आहे. पकड फसली तर चढाई करणारीला स्पर्श झालेली प्रत्येक जण बाद. तिघींनी मिळून धरलं आणि ती फरफटत जाऊन मध्यरेषेला बोट लावून आली, तर तीन गुण गेले आणि समोरच्या तीन जिवंत झाल्या. पकड यशस्वी झाली तर सहसा एकच गुण, मग पकड एकीने करो नाहीतर सातजणींनी. असा व्यवहार धंद्यात कुणी करणार नाही. म्हणून चांगला बचाव बराच वेळ काहीच करत नाही. तीस सेकंद चढाई करणारीला नुसतं फिरवतो आणि रिकाम्या हाताने परत पाठवतो.

हा 'जिवंत होण्या'चा नियम कुठून आला, हेही इथेच सांगतो, कारण आजचा सगळा बचाव त्याच्यावर उभा आहे. जुन्या कबड्डीचे तीन प्रकार होते. अमर, ज्यात बाद झालेला मैदान सोडतच नसे, फक्त गुण मोजायचे. गामिनी, ज्यात बाद झालेला बाहेरच बसायचा, सगळा संघ बाद होईपर्यंत. आणि संजीवनी, ज्यात आपल्या बाजूने गुण मिळवला की आपला एक गडी उठतो. १९३० च्या दशकात महाराष्ट्रातल्या शारीरिक शिक्षणाच्या मंडळींनी हुतूतूला नियमांत बसवायला घेतलं, पुढे १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, आणि मान्यता टिकली ती संजीवनीची. ह्यामुळे पकड म्हणजे नुसता एक गुण राहिली नाही. समोरची एक गेली, आपली एक आली. सात विरुद्ध पाच असताना हा फरक सामना फिरवतो. गामिनी टिकली असती तर बचावाचं हे सगळं शास्त्र वेगळं झालं असतं, असं मला वाटतं. कदाचित जास्त कंटाळवाणंही.

महाराष्ट्राची कबड्डी मातीत वाढली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्या माणसांनी तिला संघटना दिली, स्पर्धा दिल्या. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळतात. मातीवर उघड्या पायांनी खेळताना चपळाई, पदलालित्य, हुलकावणी ह्यांना भाव होता. मॅट आली, बूट आले, आणि वेग तर वाढलाच, पण थांबणंही बदललं. मातीवर घसरणारा पाय मॅटवर जागच्या जागी रुततो. धडक मारणाऱ्याला भक्कम आधार मिळाला. कव्हरचं महत्त्व वाढलं, वजनाचं वाढलं, आणि 'महाराष्ट्राची मुलं-मुली चपळ, उत्तरेची ताकदवान' हे वाक्य मैदानावर सुविचारासारखं फिरू लागलं. मला हे वाक्य आवडत नाही. २०१२ च्या पाटण्याच्या विश्वचषकात भारताने अंतिम सामन्यात इराणलाच २५-१९ ने हरवलं, त्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के अशा महाराष्ट्राच्या तिघी होत्या. ताकद कमी पडल्याची तक्रार तेव्हा कुणी केली नव्हती.

आता तेहरान. इराणमध्ये कबड्डी आकाशातून पडली नाही. तिथे 'झू' नावाचा एक जुना खेळ आहे. एका दमात 'झूऽऽ' म्हणत समोरच्यांना शिवून यायचं. शिवाय तो देश कुस्तीचा. आपल्याकडे कोल्हापूरच्या तालमीत जो 'पट काढणं' म्हणतात, पायाला हात घालून समोरच्याला उचलणं, तो त्यांच्या हाडात आहे. फझल अत्राचलीचा डावा कोपरा बघताना हे लगेच जाणवतं. तो घोटा धरत नाही, पाय काढून घेतो. प्रो कबड्डीने हे लवकर ओळखलं. २०१७ मध्ये गुजरातचा संघ नवा होता आणि मनप्रीत सिंगही प्रशिक्षक म्हणून नवा. त्यांनी डावीकडे फझल, उजवीकडे अबोझर मिघानी असे दोन इराणी कोपरे उभे केले, सगळा बचाव त्यांच्याभोवती विणला आणि पहिल्याच हंगामात अंतिम फेरी गाठली. पुढच्या वर्षीच्या लिलावात यू मुंबाने फझलला एक कोटी दिले. परदेशी खेळाडूला तेवढे त्याआधी मिळाले नव्हते.

मोह इथेच असतो. इराणला नवी आलेली प्रशिक्षक म्हणू शकली असती: तुमच्या पुरुषांचा कोपरा जगात भारी आहे, तोच तुम्हीही खेळा. पण कुस्तीची ती परंपरा पुरुषांची. जोरखान्याचं दार बायकांना परंपरेने बंद. मुली वेगळ्या वाटेने कबड्डीत आलेल्या, त्यांचं मैदान वेगळ्या मापाचं, आणि खेळायचं पूर्ण बाह्यांत आणि डोक्यावर हिजाब घालून. दुसरा मोह उलटा: नाशिकला तीस वर्षं जे शिकवलं ते तिथे उतरवायचं.

पद्धत चांगली असणं आणि ती खेळणाऱ्यांच्या अंगात असणं, ह्या दोन गोष्टींतली दरी मराठी माणसाला नवी नाही. पानिपतच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंसमोर हाच पेच होता. मल्हारराव होळकरांसारखे उत्तरेत मुरलेले सरदार गनिमी काव्याचे. इब्राहिमखान गारदी कवायती पायदळाचा आणि तोफांचा. भाऊंनी गोलाची लढाई निवडली. कागदावर ती चुकीची नव्हती; उदगीरला गारद्यांनी तिचा गुण दाखवला होता. पण गोल टिकतो तो प्रत्येकाने आपली जागा न सोडण्यावर. १४ जानेवारी १७६१ ला गारद्यांनी रोहिल्यांना रेटत नेलं, तेव्हा विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे घोडेस्वार राहवेना म्हणून रांग सोडून पुढे धावले, असं इतिहासकार सांगतात. आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आपलीच माणसं आली. विंचूर आमच्या जिल्ह्यातलं, निफाड तालुक्यातलं. त्यामुळे विंचूरकरांना भेकड म्हटलेलं इथे कुणी ऐकून घेणार नाही, आणि ते भेकड नव्हतेच. त्यांनी आयुष्यभर जे शिकलं होतं तेच केलं. कोपऱ्याने थांबायचं ठरलेलं असताना कव्हर धावली की कबड्डीत जे होतं, ते तिथे फार मोठ्या प्रमाणावर झालं.

जैन यांनी तेहरानमध्ये केलेल्या ज्या गोष्टी नोंदलेल्या आहेत, त्या बचावाच्या मांडणीच्या नाहीतच. त्या फारसी शिकल्या. सकाळी योग आणि प्राणायाम सुरू केला. बातम्यांत हे 'भारतीय संस्कृतीचा प्रसार' ह्या थाटात आलं, आणि शाकाहारी बाईने तेहरानमध्ये दीड वर्ष कसं काढलं ह्यावरही रकाने भरले. माझ्या मते ह्या दोन्ही गोष्टी थेट पकडीच्या आहेत.

भाषा आधी घ्या. बचाव बोलून आणि हात दाबून खेळला जातो. शेजारणीच्या मनगटावर दाब आला म्हणजे मागे सर, हात सुटला म्हणजे मी जातेय. चढाई करणारी आत असताना 'थांब', 'आता', 'सोड' एवढेच शब्द लागतात, पण ते अर्ध्या सेकंदात लागतात. सराव चालू असताना दुभाषाने वाक्य संपवेपर्यंत चढाई संपून जाते. आणि चुकलेल्या पकडीनंतर मुलीला काय सांगायचं, 'तू उशिरा गेलीस' की 'तू गेलीस हेच चुकलं', हा फरक दुसऱ्याच्या तोंडून सांगता येत नाही. कोपऱ्यात उभं राहणाऱ्या मुलीसाठी तो फरक म्हणजे सगळा खेळ.

प्राणायामाचंही तसंच. दम चढाई करणारीला लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. 'कबड्डी कबड्डी' तिलाच म्हणायचं असतं. पण तीस सेकंद वाकून, हात धरून, काहीही न करता उभं राहायलाही श्वासावर ताबा लागतो. घाई ही श्वासातून येते. वाट बघणारा बचाव निवडायचा असेल तर आधी वाट बघणं शिकवावं लागतं, आणि ते फळ्यावर आकृती काढून शिकवता येत नाही. ऑफिसमध्ये नवा लीड आला की पहिल्या आठवड्यात सगळ्या आकृत्या बदलतो. माणसं तीच राहतात आणि तिसऱ्या महिन्यात जुनाच प्रकार नव्या नावाने सुरू असतो. हे मी बऱ्याच वेळा पाहिलं आहे, म्हणून इथे मला ही बाई जास्तच आवडली.

ह्याला लगेच फळ आलं असंही नाही, आणि हा भाग त्या चवीच्या बातम्यांत नव्हता. नोव्हेंबर २०१७ मध्ये आशियाई कबड्डी स्पर्धा इराणमध्येच झाली, गोरगान शहरात. यजमान संघ, घरचं मैदान. महिलांचा अंतिम सामना भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात झाला. भारताने ४२-२० ने जिंकला. इराण त्यात नव्हता. आशियाई खेळांना तेव्हा नऊ महिने उरले होते. अशा वेळी संघटना प्रशिक्षक बदलतात, निदान पद्धत तरी बदलायला लावतात. इथे दोन्ही टिकलं.

आता २०१४ च्या इंचिऑनचा अंतिम सामना आणि २०१८ चा शेजारी ठेवून बघा. संघ तेच, भारत आणि इराण. तेव्हा भारत ३१-२१ ने जिंकला होता. जकार्तात इराणचे गुण २१ वरून २७ झाले, भारताचे ३१ वरून २४ वर आले. सहा कमावले, सात वाचवले. कबड्डीत हे दोन्ही रकाने वेगळे नसतात, हीच गंमत. यशस्वी पकड एकाच झटक्यात आपला गुण वाढवते आणि समोरचीची पुढची चढाई हिरावून घेते. त्याच स्पर्धेत गटात भारताने जपानला ४३-१२ ने धुतलं होतं. उपांत्य फेरीत चायनीज तैपेईविरुद्ध २७-१४. गुण मिळवण्याची अडचण ह्या संघाला नव्हती. अंतिम सामन्यातही मध्यंतराला भारतच पुढे होता. इराणने उपांत्य फेरीत थायलंडला २३-१६ ने हरवलं होतं, म्हणजे त्यांचे मोठे सामने सुरुवातीपासून कमी गुणांचे होते. कमी गुणांचा सामना सहसा बचावाला हवा असतो तसा झालेला सामना असतो. पुढे असलेल्या संघाला घाई व्हायला लागते आणि वाट बघणाऱ्याला होत नाही, हे दुसऱ्या अर्ध्यात कळतं.

भारतात त्या ऑगस्टमध्ये वेगळंच चालू होतं. स्पर्धेच्या तोंडावर दिल्ली उच्च न्यायालयाने कबड्डी महासंघाच्या पदाधिकाऱ्यांना बाजूला करून प्रशासक नेमला होता. निवडीवरून इतका वाद होता की निवड झालेले आणि वगळलेले यांचा सामना खेळवा, असाही आदेश झाला. तारीख होती १५ सप्टेंबर, म्हणजे पदकं गेल्यानंतर तीन आठवड्यांनी. ह्या गोंधळात नाशिकच्या एका निवृत्त प्रशिक्षकाला कुणी का विचारलं नाही, हा प्रश्न विचारणंही भाबडं वाटतं. नाशिकच्या खेळाचा विषय निघाला की कविता राऊतचं नाव येतं, आणि यायलाच हवं. प्रशिक्षकांची नावं निघत नाहीत. निघतात ती असं काहीतरी झाल्यावर.

पुढे वारं उलटंही वाहिलं. २०२२ मध्ये पुणेरी पलटणला नवे प्रशिक्षक मिळाले, कर्नाटकचे बी. सी. रमेश. पहिल्या हंगामात संघ अंतिम फेरीत जयपूरकडून हरला. दुसऱ्या हंगामासाठी लिलावात पलटणने २ कोटी ३५ लाख मोजून मोहम्मदरेझा शाडलूई घेतला, आणखी एक इराणी डावा कोपरा. वाट बघणं हा त्याचा स्वभाव नाही. तो पुढे येऊन अंगावर जातो आणि कधीकधी सपशेल फसतो. रमेशनी त्याला बदललं नाही, त्याच्याभोवती अबिनेश, संकेत सावंत, गौरव खत्री असे धीराचे खेळाडू ठेवले. नगरकडचा अस्लम इनामदार कर्णधार. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाविरुद्ध २८-२५ ने जिंकून पुण्याने पहिल्यांदा करंडक उचलला. फरक पुन्हा तीनच गुणांचा.

आणि मुली? हांगझोऊचे आशियाई खेळ वर्षभर लांबून २०२३ मध्ये झाले. इराण उपांत्य फेरीत अडला, कांस्यपदकावर थांबला. त्यांना अडवलं चायनीज तैपेईने, पाच वर्षांपूर्वी जकार्तात भारताकडून २७-१४ ने हरलेल्या संघाने. त्यांनी पहिल्याच सामन्यात भारताला ३४-३४ असं बरोबरीत रोखलं होतं. अंतिम सामन्यात भारत जिंकला, २६-२५ ने.